हातावर दही

१

दही लावणं ही काय कुणाला सांगण्यासारखी गोष्ट आहे? पण मालिनीताईंचा हॉलंडच्या नीउ-व्हेनेपमधला दिवस त्याच खुंटीला टांगलेला होता, म्हणून सुरुवात तिथूनच. जेवणं आटोपली की दूध कोमट करायचं, करंगळी बुडवून पाहायची, विरजण ढवळायचं आणि भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवून द्यायचं. सकाळी दही लागलेलं असे. त्यातलं चमचाभर आधी छोट्या वाटीत काढून फ्रिजच्या दारात ठेवायचं, ते उद्याचं विरजण. मग बाकीच्याला हात लावायचा. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, हा क्रम कधी चुकला नव्हता.

"आई, अल्बर्ट हाईनमध्ये किलोचा डबा मिळतो हो," सून हिमानी म्हणे.

"मिळू दे की. ते दही नव्हे, खळ आहे."

हिमानीची नोकरी लायडनच्या एका प्रयोगशाळेत, मुलगा विराजचं ऑफिस अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला. दोघं सकाळी आठला बाहेर पडत ते संध्याकाळी सहा-साडेसहाला उगवत. आठ वर्षांच्या संहिताला तीन वाजता शाळेतून आणणं आणि मग तिला सांभाळणं मालिनीताईंकडे. पोरीला मराठी सगळं कळे, पण उत्तर डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. दह्याचं नाव काढलं की "यक" म्हणायची आणि खोक्यातलं कस्टर्डसारखं गोड पिवळं फ्ला वाडग्यात ओतून घ्यायची. घरातून निघताना हात हलवून "डूई". आजीने दहादा सांगितलं, "बाळा, येते म्हणावं." दहाही वेळा "डूई".

घर चांगलं होतं. एका ओळीत सारखी बारा घरं, मागे हातभर बाग, पुढे कालवा. मालिनीताईंना खुपायचा तो फक्त पुढचा बोळ. दारापासून जिन्यापर्यंत चार पावलांची जागा, एका बाजूला चपलांचं कपाट, दाराच्या मधोमध टपालाची आडवी फट आणि तिला बाहेरून पत्र्याची झडप. गेल्या नोव्हेंबरात, दुपारी सव्वाचारला, फिरायला निघालेले अजितराव त्या बोळात बूट चढवायला वाकले आणि पुन्हा उठले नाहीत.

तेव्हा मालिनीताई पुण्यात होत्या. तिकिटं दोघांची होती. पण बहिणीची साठीशांत मध्ये आली, त्यावरून शब्दाला शब्द लागला, आणि "बस मग तू साठीशांतीला" म्हणून अजितराव एकटे निघाले. कुणी गावाला निघालं की मालिनीताई हातावर दही घालत, सुखरूप परत यावं म्हणून. अजितराव पिंपरीच्या कारखान्यात फिटर; कंपनीने नाशिकला पाठवलं तरी दही खाऊनच जात. त्या पहाटे रिक्षा खाली उभी होती, आणि ते दारात हात अर्धा पुढे करून थांबले होते. मालिनीताईंनी पाहिलं. पाहून मिक्सर सुरू केला.

अठराव्या दिवशी फोन आला. भांडणात रद्द केलेला व्हिसा वेळेत पुन्हा मिळाला नाही, अंत्यसंस्कार इथेच उरकले, मालिनीताईंनी ते मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. विराजने अस्थी पुण्याला आणल्या, दिवस-वार सगळं यथासांग झालं. राहिलं ते एवढंसं, चमचाभर. तेच त्यांना खाऊन टाकत होतं.

२

शेजारच्या घरात फोतिनी राहायची. सत्तरीची, ग्रीसच्या कुठल्याशा बेटावरून लग्न होऊन इथे आलेली, आता नवरा नाही. एप्रिलमध्ये मालिनीताई आल्या आणि कुंपणावरून दोघींची ओळख झाली. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे गप्पांना अडचण आली नाही.

जूनच्या पहिल्या शनिवारी फोतिनीने ताटलीभर उकडलेले गहू आणून दिले. वर साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम. खिरीच्या आधीचे गहूच जणू.

"मेलेल्यांसाठी करतो हे," ती म्हणाली. "उद्या ते परत जाणार."

"कुठे परत?"

"आमच्या बेटावर म्हणतात, ईस्टरला त्यांना सोडतात. पन्नास दिवस मोकळे. घराभोवती फिरतात, झाडावर बसतात, कुणाला त्रास नाही. पन्नासाव्या दिवशी दुपारी सगळ्यांनी परत जायचं. तेव्हा आम्ही गुडघे टेकून बसतो आणि डोळ्यांवर अक्रोडाची पानं धरतो."

"पानं का?"

"आपली नजर दिसली की त्यांचा पाय निघत नाही. बघायचं नाही, बोलायचं नाही, काही द्यायचं नाही. द्यायचं ते आदल्या दिवशी." तिने ताटलीकडे बोट दाखवलं. "चर्चपर्यंत जायला गुडघे साथ देत नाहीत. मी घरीच करते. येतेस?"

मालिनीताई तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. घरचे उपासतापासही त्यांनी हळूहळू गुंडाळलेले. तरी "येते" म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी त्या दिवशी दूध जरा जास्तच तापवलं, कारण सायीचं दही अजितरावांना आवडायचं.

३

रविवारी विराज, हिमानी आणि संहिता कुणाच्या तरी वाढदिवसाला आइंडहोव्हनला गेली होती. मालिनीताई चारच्या ठोक्याला शेजारी गेल्या. पदराखाली झाकणाची वाटी होती.

फोतिनीने पुढच्या खोलीत दोन उशा मांडल्या होत्या. बाहेरचं दार सताड उघडं, मागचंही उघडं. लख्ख ऊन. कालव्यातली बदकं, कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र, असले रविवारचे आवाज. फोतिनीने पानं दिली, मोठी, जराशी चिकट, कडवट वासाची. दोघी गुडघ्यांवर बसल्या आणि मालिनीताईंनी डाव्या हाताने पानं डोळ्यांवर धरली.

आता यात भिण्यासारखं काहीच नव्हतं. दोन म्हाताऱ्या, एक खोली, भर दुपार. मालिनीताईंना थोडं हसूही येत होतं.

मग गवताचं यंत्र थांबलं. बदकंही थांबली. कुणी आलं असं वाटलं नाही. फक्त खोली भरत गेल्यासारखी झाली, देवळात आरतीला माणसं दाटतात तशी. साडीच्या काठाला काहीतरी घासून पुढे गेलं. पुन्हा गेलं. फोतिनी पुटपुटत होती.

मालिनीताईंनी उजव्या हाताने झाकण काढलं, तीन बोटांवर दही घेतलं आणि हात पुढे धरला. स्वतःला म्हणाल्या, धरू या, काय जातंय.

खालून एक तळवा आला आणि त्यांच्या बोटांना टेकला. गार होता, नुकत्याच धुतलेल्या भांड्यासारखा. बेचाळीस वर्षांच्या सवयीने बोटांनी दही त्यावर ठेवलं.

"सुखरूप या," मालिनीताई म्हणाल्या. आवाज फुटला त्यांचा. तळवा निघून गेला.

यंत्र पुन्हा सुरू झालं. पानं काढली तेव्हा फोतिनी त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती उंबऱ्याकडे पाहत होती. तिथे दह्याचा एक थेंब पडला होता.

"काय दिलंस?"

मालिनीताईंनी सांगितलं. दही म्हणजे काय, कशासाठी, सगळं. फोतिनीचा चेहरा उतरत गेला. "परत यावं म्हणून?" तिने दोनदा विचारलं. मग उठून तिने मालिनीताईंना दंडाला धरून बाहेर आणलं आणि दार लावून घेतलं.

४

सोमवारी इथे सणाची सुट्टी होती, घर भरलेलं होतं, काही झालं नाही. मंगळवारी संध्याकाळी मालिनीताईंनी दह्याचं भांडं उघडलं तर कडेने बोटभर दही काढलेलं. चमच्याने नव्हे, बोटाने.

"संहिता, दही खाल्लंस?"

"नेई. यक."

बुधवारी संहिताला शाळेतून आणल्यावर त्या स्वयंपाकघरात पालक निवडत होत्या. पुढे बोळात टपालाची झडप वाजली. एकदाच, टक्क. टपाल सकाळी येतं. घड्याळात सव्वाचार. भांडं उघडलं, पुन्हा बोटभर कमी.

वारा असेल, म्हणाल्या. वारा नव्हता. पत्रा उन्हाने तापतो, प्रसरण पावतो, वाजतो. सातवीच्या पुस्तकातला धडा. गुरुवारी त्यांनी फटीवर आतून चिकटपट्टी लावली, चांगली लांब. सव्वाचारला झडप वाजली. जाऊन पाहतात तर चिकटपट्टी चपलांच्या कपाटावर, चौकोनी घडी करून ठेवलेली. बसच्या तिकिटापासून औषधाच्या वेष्टनापर्यंत हातात येईल त्याची अशी घडी करणारा एकच माणूस त्यांना माहीत होता.

त्या खाली बसल्या. भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या खाली आनंद होता, आणि तो जास्त होता.

शुक्रवारी त्यांनी जरीकाठाची साडी नेसली. चारलाच भांडं घेऊन बोळात स्टूल टाकून बसल्या. सव्वाचारला झडप उचलली गेली आणि फटीतून हात आत आला. तळवा वर करून, अर्धाच पुढे, त्या पहाटे होता तसा. मरून रंगाच्या स्वेटरची बाही. कडेला निळी लोकर, कारण मरून संपली तेव्हा मालिनीताईंनीच ती निळ्याने विणून पुरी केली होती. करंगळी वाकडी, कारखान्यात चेमटलेली. सगळं त्यांचंच.

"अहो, चुकलं हो माझं," मालिनीताई म्हणाल्या आणि दही ठेवलं.

हात गेला. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळंच त्यांचं नव्हतं. तळव्यावर एकही रेघ नव्हती. आयुष्याची, नशिबाची, कामाने पडलेली, कसलीच नाही. घासून घासून गुळगुळीत झालेल्या पितळी ताटलीसारखा तो तळवा होता.

५

शनिवार-रविवारी घरात सगळे होते, झडप वाजली नाही. जेवताना विराज म्हणाला, "आई, तुझा रंग बघ कसा उजळलाय. इथली हवा मानवली."

"आणि ही बघा," हिमानी कौतुकाने म्हणाली. "चार दिवस झाले, मराठीत बोलतेय."

खरंच बोलत होती. "मला वाढू नका, पोट भरलंय," संहिता म्हणाली. उच्चार स्वच्छ. पोळीचा तुकडा तसाच टाकून तिने पानाजवळच्या कागदी रुमालाची चौकोनी घडी केली. मालिनीताईंनी तो रुमाल उचलून पुन्हा उलगडून ठेवला.

सोमवारी शाळेतून येताना त्यांनी नातीचा हात धरला तो गार लागला. घरी आल्यावर फ्ला नको, टीव्ही नको. बोळात जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसली. बूट काढले नाहीत.

"बूट काढ गं."

"नको. परत घालावे लागतील."

मालिनीताईंनी तिला उचलून मागच्या खोलीत नेलं, टीव्ही लावून दिला. सव्वाचारला हात आला. त्यांनी दही ठेवलं. मग संहिताचा हात धरून त्या थेट शेजारी गेल्या आणि दार उघडेपर्यंत घंटा वाजवत राहिल्या.

फोतिनीने आधी पोरीकडे पाहिलं. तिचा तळवा उघडून पाहिला आणि मिटला.

"रोज देतेस?"

"हो."

"म्हणून रोज येतो. राहता येत नाही म्हणून निघतो, तू देतेस म्हणून परत येतो. तो दुष्ट नाही. तू बोलावतेस, तो येतो."

"मग काय करू?"

"देऊ नको. रिकाम्या हाताने जाऊ दे. आणि लवकर. पन्नासाव्या दिवशी सगळे मिळून जातात, वाट एकमेकांना दाखवतात. हा मागे राहिला. आता उशिरा जायचं तर..."

"तर काय?"

"एकट्याला जाववत नाही," ती म्हणाली, आणि संहिताच्या डोक्यावर हात ठेवला.

रिकाम्या हाताने. ज्या एका गोष्टीसाठी मालिनीताई सात महिने स्वतःला शिव्या देत होत्या, तीच आता पुन्हा करायची होती, आणि या वेळी पूर्ण शुद्धीत. विराजला सांगून पाहिलं. तो फोनवर म्हणाला, "आई, तू दमली आहेस. वीकेंडला निवांत बोलू." त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

६

मंगळवारी त्यांनी संहिताला शाळेत पाठवलं नाही. अंगावर पांघरूण घालून मागच्या खोलीत सोफ्यावर निजवलं, बागेच्या काचेच्या दाराला कडी घातली. मग दह्याचं भांडं सिंकमध्ये पालथं केलं, नळ सोडला, भांडं घासून पुसून फडताळात ठेवलं. घरात दही नको म्हणजे नकोच.

चारला त्या बोळात जाऊन बसल्या. स्वयंपाकघर मागे, त्याच्या पलीकडे संहिता. मधलं दार उघडं ठेवलं होतं, टीव्हीचा बारीक आवाज येत होता.

सव्वाचारला झडप उचलली गेली. हात आला, तळवा वर, अर्धाच पुढे. मालिनीताईंनी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"अहो, आज नाही," त्या म्हणाल्या. "आज काही नाही. आता जा."

जन्मात त्यांनी कुणाला जा म्हटलं नव्हतं. दारावर आलेल्या विक्रेत्यालाही नाही. हात हलला नाही. त्या पहाटे मिक्सरच्या आवाजात तो किती वेळ तसाच राहिला असेल, हे त्यांना आता पाहावं लागत होतं. बोटं किंचित मिटली, उघडली. मालिनीताईंना रडू फुटलं.

"माझा राग नाही हो. मुळीच राग नाही. पण पोर आहे घरात. तुम्ही जा."

तो वाट पाहत राहिला. मग बाही मागे सरकली, निळी लोकर फटीच्या कडेला क्षणभर अडकली, सुटली, आणि झडप खाली आली, टक्क.

मालिनीताई तशाच बसून रडल्या. सात महिन्यांचं सगळं रडून घेतलं. गेले, त्या म्हणाल्या. रिकाम्या हाताने गेले, पण गेले. पदराने तोंड पुसलं आणि चहा टाकावा म्हणून उठल्या.

७

टीव्हीचा आवाज येत नव्हता.

फ्रिजचं दार अर्धवट उघडं होतं, आतला दिवा लागलेला. दाराच्या कप्प्यात, जिथे छोटी वाटी असायची, तिथे वाटी नव्हती. सकाळी भांडं पालथं करायच्या आधी हाताने आपोआप चमचाभर बाजूला काढलं होतं. विरजण कोण टाकतं?

मागच्या खोलीत पांघरुणाची चौकोनी घडी सोफ्यावर होती. काचेचं दार उघडं, कडी निघालेली. संहिता दाराच्या अलीकडे उभी होती, बूट घालून, नाड्या बांधून. बागेत कुणी नव्हतं. कुंपणाचं फाटक मात्र हळूहळू मिटत होतं.

"संहिता, काय करतेस?"

"तू रडत होतीस, आजी." वाटी तिच्या डाव्या हातात होती, चाटून पुसल्यासारखी रिकामी. "म्हणून मी आजोबांना दिलं. ते मागच्या दाराला आले होते."

"बरं. बरं केलंस. ये इकडे."

"त्यांनी मलाही दिलं." तिने उजवा हात पुढे केला. तळव्यावर दही होतं, मधोमध, नीट ठेवलेलं. "अर्धं मला, अर्धं त्यांना. म्हणाले, लांब जायचं तर खाऊन निघावं."

मालिनीताईंनी ते तिला खाऊ दिलं नाही. झडप घालून हात धरला, पदराने तळवा पुसला. पुन्हा पुसला. साडीचा काठ ओला झाला, दही सगळं निघालं, तळवा लाल झाला, तरी त्या पुसत राहिल्या, कारण खाली एकही रेघ लागत नव्हती.

"आजी, सोड ना," संहिता समजुतीने म्हणाली. फाटकाबाहेर कुणीतरी उभं असावं तशी ती तिकडे पाहत होती. "येते मी."

मालिनीताईंनी दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं आणि खाली फरशीवर बसल्या. विराजला यायला अजून दोन तास होते.